आबाचा कॉम्प्युटर आणि मायचा आवाज

आबा गेला, हे वहिनीनं धुळ्याहून फोनवर सांगितलं तेव्हा मी जळगावच्या माझ्या दुकानात पंपाच्या जळालेल्या मोटारीत नवी तार भरत होतो. हातातली तार सुटली, आणि पहिला विचार आला तो लाज वाटावी असा... आता त्याला कधीच कळणार नाही. काय, ते सांगायलाच दीड महिन्यानं हे लिहितोय.

आबा माझा थोरला भाऊ. मास्तरकी संपल्यावर त्यानं गावोगाव फिरून म्हाताऱ्या बायांच्या तोंडून कानबाईची, आमच्या खानदेशी देवीची, गाणी रेकॉर्ड केली. सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग आमच्या मायचं. तिची कॅसेट केव्हाच खराब झालेली. तिचा आवाज उरला होता तो फक्त आबाच्या जुनाट कॉम्प्युटरमध्ये. एकदा बंद केला तर पुन्हा उठणार नाही, या धास्तीनं आबा तो रात्रंदिवस चालूच ठेवायचा. मी चिडलो की म्हणायचा, "नको रे बापू, त्यामा माय शे."

आबानं अंथरूण धरलं आणि त्याच सुमारास तो डबा आपोआप बंद पडू लागला. कधी दहा मिनिटांत, कधी तीन तासांनी. मी धुळ्याला धावलो. वायर बदलली, यूपीएस काढून पाहिला, नवा पॉवर सप्लाय बसवला. तासभर नीट चालला. आबा कॉटवरून मान उंचावून बघत होता. "कोना जानकारले इचार ना," तो म्हणाला. माझं डोकंच फिरलं. उभा जन्म मोटारी भरण्यात गेलेल्या माणसाला हे ऐकवतो काय! "झालं दुरुस्त," म्हणत मी गाणी नव्या डिस्कवर टाकायला घेतली. वर शहाणपणा असा, की कॉपी न करता कट केली. निम्म्यात पडदा काळा!

मग कुठे मी झाकण उघडलं. दर खंडेनवमीला आबा त्याची पूजा करायचा. जाळीवर हळद-कुंकू, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या. ते सगळं पंख्यानं आत ओढलेलं, धुळीबरोबर घट्ट बसलेलं. हवा खेळायला जागा नाही; तापला की बंद. "आबा, पूजा करून मारलंस रे याला!" मी ओरडलो. तो ओशाळून हसला. ते हसू आठवलं की जीव तुटतो. त्याचं काय चुकलं होतं? आधी झाकण न उघडणारा मी.

साफ केल्यावर डबा एकदाही बंद पडला नाही. बाकी बायांची गाणी मिळाली. मायचं ना जुन्या डिस्कवर, ना नव्या.

"बठ्ठं उनं का रे?" सगळं आलं का, असं आबानं विचारलं.

"बठ्ठं."

"माय?"

"माय बी उनी."

"लाव ना मंग."

"आता तापलाय. उद्या लावतो," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी दुकानाचं निमित्त काढून जळगावला पळून आलो. चौथ्या दिवशी वहिनीचा फोन.

परवा वहिनी सहज बोलून गेली. मी निघाल्यावर आबानं आपली कॉट सरकवून स्पीकरला लावून घेतली होती. बापू येईल, माय लावेल, म्हणून शेवटपर्यंत स्पीकरकडच्या कुशीवर झोपला.