सिलेंडरची चावी

जाफराबादच्या स्टँडवर जालन्याची एसटी लागली, तेव्हा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतः टपावर चढून आमची पेटी बांधली. हमाल आहे, तो बांधेल, असं कंडक्टर सांगत होता. पण दुसऱ्यानं मारलेल्या गाठीवर दादांचा भरोसा नव्हता. खाली उतरून त्यांनी हात झटकले, खिडकीपाशी आले आणि म्हणाले, "शहरातला मानूस हसला, की आधी का हसला ते बघ. मंग तू हास." शेजारी बसलेली सुनंदा, माझी नवी बायको, तोंडाला पदर लावून हसली. मी नाही हसलो. गाडी हलली तरी माझं लक्ष टपावरच्या पेटीकडे होतं.

गावात राहिलेल्यांना वाटतं, गेलेले सुखात आहेत. गेलेल्यांना वाटतं, राहिलेले सुखात आहेत. मला जालन्यातली पहिली काही वर्षं फक्त एवढंच वाटायचं, की कोणीतरी आपल्याला फसवणार आहे. जुन्या जालन्यात एका गल्लीत खोली घेतली. खाली धान्याचं दुकान, दिवसभर पोत्यांची धूळ वर यायची. घरमालकीण नळाला पाणी आलं की आधी हाक मारायची, तर मी सुनंदाला म्हणायचो, हिला आपल्याकडून काय पाहिजे? सुनंदा म्हणायची, पाणी भरून घ्यावं, एवढंच पाहिजे. मला पटायचं नाही. गावात कोण कोणाचा हे चेहऱ्यावरून कळायचं. इथं चेहरेच माहीत नव्हते.

जाफराबादला मी ट्रॉल्या आणि नांगरांचे फाळ जोडायचो. रॉडचं वेल्डिंग, एवढीच माझी विद्या. जालन्यात एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात लागलो, तिथंही बरीच वर्षं रॉडच चालवला. माझ्या आधीपासून तिथं यूसुफभाई होते. उंच, मेंदी लावलेली दाढी, बोलणं कमी. माझं काम ते दुरून बघायचे आणि काही न बोलता निघून जायचे. ही तारीफ की नापसंती, ते मला कधी कळलं नाही. म्हणून मी ती नापसंतीच धरली.

दोन हजार साल उलटल्यावर शेठनं नवी मशीन आणली. एकाच डब्यात तीन प्रकारचं वेल्डिंग: रॉडचं, सीओटू गॅसवरचं आणि आरगॉन गॅसवरचं, त्याला टिग म्हणतात. बसवायला औरंगाबादहून आलेला इंजिनिअर बटणं फिरवून दाखवत सारखा म्हणत होता, टेन्शन घेऊ नका, सगळं ऑटोमॅटिक आहे. जी वस्तू स्वतःहून सगळं करते, तिच्यावर नजर ठेवायची, हे मी त्याच दिवशी ठरवलं. रोज सकाळी मी आधी अर्थिंगची वायर ओढून बघायचो, केबलला कुठं चीर पडली का ते बोटांनी चाचपायचो. काम बदललं की जोडण्या बराबर बदलल्या का, हे दुसऱ्यांदा बघायचो. आठवड्याला मेन स्विच बंद करून आतली धूळ हवेनं उडवायचो. बाकीचे म्हणायचे, मशीनची दृष्ट काढून राह्यला का? माझी मेहनत बघून शेठनं सिलेंडरची चावी माझ्याकडे दिली. सकाळी मी गॅस उघडायचा, जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी बंद करायचा.

मग आरगॉन लवकर संपायला लागला. एक सिलेंडर जेवढा पुरायला पाहिजे, त्याच्या कितीतरी आधी काटा खाली यायचा. मी प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावलं. गळत असतं तर बुडबुडा आला असता. एकही आला नाही. मी शेठला तसं सांगितलं आणि सांगतानाच कळलं, की मी स्वतःच्याच गळ्यात फास घालून घेतला. गळत नाही, तर जातो कुठं? चावी कोणाकडे?

शेठ ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. एका सकाळी त्यानं फक्त हात पुढं केला आणि म्हणाला, "आजपासून चावी कॅबिनमध्ये राहील. सिलेंडर मीच उघडणार, मीच बंद करणार. कोणी रेग्युलेटरलापण हात लावायचा नाही." सगळ्यांनी ऐकलं. यूसुफभाई खाली बघून वेल्डिंगच्या टॉर्चची, म्हणजे गॅस सोडणाऱ्या हातातल्या नळीची, तार गुंडाळत होते. यांनीच माझं नाव सांगितलं असणार, असं मला तेव्हाच वाटलं. त्या संध्याकाळी मी सुनंदाला म्हणालो, पेटी काढ, गावाकडे जाऊ. ती म्हणाली, "आत्ता गेलो तर लोक म्हनतील, चोरीच केल्ती." पेटी तशीच राहिली.

त्या आठवड्यात पाण्याची एक मोठी टाकी बनत होती. स्टेनलेस स्टीलची, आडवी. आत माणूस वाकून उभा राहील एवढी, आणि आत जायला वरून एकच तोंड. यूसुफभाई आतले जोड टिगनं मारत होते. तोंडाशी हवेचा पंखा लावलेला असायचा. शुक्रवार होता. दुपारी पंखा बंद करून, टॉर्च आतच टांगून ते नमाजला गेले. एरवी सुट्टी झाली की मी सिलेंडर बंद करायचो. आता चावी कॅबिनमध्ये आणि शेठ जेवायला घरी. कोणीच काही बंद केलं नाही. मी माझा डबा खाल्ला आणि मुद्दाम तिकडे बघितलं नाही.

यूसुफभाई परत आले. एक जोड फक्त बघून घेतो म्हणाले आणि पंखा न लावताच आत उतरले. मी गेटचं काम करत होतो. थोड्या वेळानं जाणवलं, की टाकीतून काहीच आवाज नाही. ठोकण्याचा नाही, खोकण्याचा नाही. मला आधी वाटलं, हा माणूस झोपला, आणि काम खोळंबलं की नाव पुन्हा माझंच निघेल. म्हणून बघायला गेलो. वरून डोकावलो तर ते टाकीच्या भिंतीला टेकून बसले होते, मान एका खांद्यावर पडलेली. हाक मारली. ओ नाही.

माझा एक पाय टाकीच्या तोंडात गेल्तासुद्धा. तेवढ्यात मला आमच्या आळीतलं पेव आठवलं. जमिनीखालचं धान्याचं पेव उघडलं, की दादा आधी दोरीनं कंदील खाली सोडायचे. कंदील विझला तर त्या दिवशी कोणी उतरायचं नाही. एकदा एक जण न विचारता उतरला आणि त्याला काढायला त्याचा भाऊ मागं गेला. दोघंही वर आले नाहीत. दादा म्हणायचे, आत पडलेल्याच्या मागं उडी मारनारा हा दुसरा मुडदा.

आरगॉनला वास नाही, रंग नाही. हवेपेक्षा जड असतो, खोलगट जागेत पाण्यासारखा साचतो. माणसाला गुदमरल्यासारखंही होत नाही, झोप लागावी तसा बसून जातो. मी पाय बाहेर काढला. टॉर्च वर ओढून घेतली आणि शेठचा हुकूम मोडून रेग्युलेटर बंद केला. एक जण गॅस कटरचा ऑक्सिजनचा पाइप घेऊन धावत आला. मी त्याला अडवलं. बंद टाकीत ऑक्सिजन भरला, की एका ठिणगीनं माणूस जळतो. कॉम्प्रेसरच्या साध्या हवेचा पाइप खाली सोडला, बराबर यूसुफभाईंच्या तोंडापाशी, आणि वरून पंखा लावला. दोन जण माझ्यावर ओरडत होते, उतर ना, उभा काय राह्यला. मी उभा राहिलो. तेवढं जड मला आजवर कोणतंच काम गेलं नाही.

मग त्यांची छाती हललेली दिसली. कमरेला दोर बांधून, दोर दोघांच्या हातात देऊन, मी आत उतरलो. त्यांच्या काखेतून दुसरा दोर घातला आणि वरच्यांनी त्यांना ओढून घेतलं. बाहेर आल्यावर त्यांना उलटी झाली. दवाखान्यात त्या संध्याकाळी त्यांनी मला ओळखलं.

दुसऱ्या दिवशी शेठसमोर मशीन उघडली. ट्रिगर सोडला की गॅस थांबवणारा आतला व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतच नव्हता. त्यात ग्राइंडरचा बारीक चुरा बसलेला होता. सिलेंडर बदलताना पाइपाचं तोंड खाली जमिनीवर पडायचं, तिथून तो आत गेला असणार. सांध्यांतून गॅस गळत नव्हता. तो दिवसभर टॉर्चमधूनच हळूहळू निघून जात होता आणि कारखान्याच्या गोंगाटात त्याचा आवाज कोणाला आला नाही. शेठनं तो चुरा बोटावर घेऊन बघितला. मग त्यानं कॅबिनमधून चावी आणली आणि माझ्यापुढं धरली.

मी ती घेतली नाही. म्हणालो, "शेठ, ही माझ्याजवळ पन नको आन् तुमच्याजवळ पन नको. साखळीनं सिलेंडरलाच बांधा. ज्याला बंद करायचंय, त्याला हात पुरला पाहिजे."

शेठनं माफी मागितली नाही. पण साखळी त्यानं त्याच दिवशी आणवली.

यूसुफभाई कामावर आल्यावर चहाच्या वेळी माझ्याजवळ बसले. म्हणाले, "सेठ के पास तेरा नाम मैंच लिया था. मेरेकू लगा, चावी इसके पास, तो चोर भी येच." माझा संशय खरा निघाला होता. राग यायला पाहिजे होता, आणि थोडा आलाही. मी म्हणालो, मी तुमच्याबद्दल हेच धरून बसलो होतो. त्यांनी मान हलवली आणि अर्धा चहा माझ्या कपात ओतला. त्यानंतर मी टाकीत उतरलो, की ते तोंडाशी उभे राहायचे. कोणी चहाला बोलावलं तरी जायचे नाहीत. मी आत असलो, की दर थोड्या वेळानं वरून माझं नाव ऐकू यायचं, आणि मी ओ देईपर्यंत ते थांबायचे नाहीत.

त्या वर्षी सुगीनंतर गावाकडे गेलो. भावानं पहिल्याच जेवणात विचारलं, अचानक कसा काय आला? वाटणीचं बोलायला आलो असं त्याला वाटत होतं. मला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. अशी नजर मी स्वतः इतकी वर्षं वापरली होती. निघायच्या आदल्या दिवशी मी आईला सहज बोलून गेलो, "उद्या सकाळच्या गाडीनं घरी जातो." बोलल्यावर माझंच मला ऐकू आलं. मिरच्या निवडत तिनं विचारलं, "तिथं कोन हाय रे आपलं?"

मी तिला टाकीची गोष्ट सांगितली. तिनं सगळी ऐकून घेतली. पेवाचं नाव निघालं तेव्हा तिचे हात थांबले होते.

सकाळी तिनं येसराची, म्हणजे आमटीला लावायच्या भाजक्या मसाल्याच्या पिठाची, दोन गाठोडी बांधून दिली, एक लहान, एक मोठं. मी मोठं पिशवीत वर ठेवायला लागलो तर म्हणाली, "ते तुझं न्हाई. ते त्या टाकीवाल्याला दे."

"आन् मला हे एवढंसंच?"

"तुला काय," आई म्हणाली, "तू तर घरचाच."