टायगर मॉथची फुटकी नळी

१९५३ साली हवाई दलाच्या वैमानिक प्रशिक्षणासाठी निवड झालेले आम्ही दोघे जळगाव स्टेशनवर एकाच डब्यात चढलो. मी धुळ्याचा. वामन पाटील भडगावचा, कापूस पिकवणाऱ्या घरातला. वाटेत त्याने इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं. उच्चार खान्देशी, अर्थ अचूक.

केंद्रावर सकाळी परेड, मग वर्ग, मग टायगर मॉथ. दोन उघड्या कॉकपिटचं विमान. पुढे इन्स्ट्रक्टर, मागे शिकाऊ. रेडिओ नव्हता. दोघांमध्ये बोलण्यासाठी एक रबरी नळी होती, ती हेल्मेटमधून कानापर्यंत यायची. इन्स्ट्रक्टरने "आय हॅव कंट्रोल" म्हटलं की शिकाऊने "यू हॅव कंट्रोल" असं उत्तर द्यायचं आणि स्टिक, म्हणजे विमान चालवायची दांडी, सोडायची. हा पहिला धडा.

त्या दिवशी आधी माझं उड्डाण झालं. नळी सांध्यापाशी चिरली होती. इंजिनाच्या आवाजात शब्द तुटत होते. उतरताच मी इन्स्ट्रक्टरना सांगितलं.

"सर, नळी फुटली आहे. ऑर्डर ऐकू येत नाही."

"खान्देश का कपास कान में भर के लाया है?" इन्स्ट्रक्टर म्हणाले. "नेक्स्ट."

पुढचा नंबर वामनचा, त्याच विमानात. हेल्मेटचा पट्टा आवळत तो मला म्हणाला, "आपला कापूस जिनिंगले जास भाऊ, कानमा नही."

"वामन, नळी खरंच फुटलीय."

"ऑर्डर शे," तो म्हणाला, आणि चढला.

उतरताना विमान धावपट्टीच्या अलीकडे डाव्या पंखावर कलंडलं, आपटलं, उलटं झालं. आम्ही धावलो. इन्स्ट्रक्टरचा पाय मोडला होता. वामन गेला होता.

चौकशीत इन्स्ट्रक्टर म्हणाले, "मी कंट्रोल घेतला. त्याने स्टिक सोडली नाही. त्याला इंग्रजी ऑर्डर समजत नसत."

"यू हॅव कंट्रोल" हे उत्तर त्यांना ऐकू आलं होतं का, हे कोणीही विचारलं नाही. मी उभा राहिलो आणि नळीबद्दल सांगितलं.

"ती अपघातात फुटली असेल," चौकशीचे अध्यक्ष म्हणाले.

"साहेब, मी अपघाताआधीच सांगितलं होतं."

"कॅडेट, तुमचं मत विचारलेलं नाही."

ते मत नव्हतं. ती तक्रार होती.

निष्कर्ष वाचून दाखवला गेला: शिकाऊ वैमानिकाची चूक, इंग्रजीचं अपुरं ज्ञान. नळीचा उल्लेख नव्हता. पाय बरा झाल्यावर इन्स्ट्रक्टर पुन्हा शिकवू लागले.

रजेत मी भडगावला गेलो. निष्कर्ष माझ्याआधी पोचला होता. वामनचे वडील, आबा, ओट्यावर बसले होते.

"मन्हा पोऱ्याले इंग्रजी येत नव्हती का रे भाऊ? बठ्ठा गाव तेच म्हनस."

"येत व्हती आबा. नळी फुटेल व्हती."

आबा उठले. टोपी घातली. "चाल. हाई चावडीवर सांग."

मी चावडीवर सांगितलं. आबा शेजारी उभे राहिले, शेवटपर्यंत.

पुढे मी स्वतः इन्स्ट्रक्टर झालो. शिकाऊ म्हणाला ऐकू येत नाही, की विमान जमिनीवर राहायचं. केंद्राच्या दप्तरात तो निष्कर्ष मात्र अजून तसाच असेल. म्हणून इथे नोंदवतो: फ्लाइट कॅडेट वामन पाटील, राहणार भडगाव. त्याला इंग्रजी येत होतं.