इंजिनावरची रजई

माझ्या नातवानं मागच्या महिन्यात गाडी घेतली. टर्बो-डिझेल. घरी आणल्यापासून त्याचं तेच चालू: इतके सीसी, इतकी ताकद, इतकी वर्षं बोनेट उघडायची गरज नाही. टर्बो म्हणजे काय रे, मी विचारलं. तर म्हणाला, आजी, इंजिनात जोरानं हवा कोंबायची सोय. हवा कमी पडली तर डिझेल नीट जळत नाही ना. मी म्हटलं, हे तू मला शिकवू नकोस. पोरगं फडकं घेऊन गाडी पुसायला लागलं. आजीचा स्वभाव त्याला माहीत आहे.

साठ सालाच्या पुढे-मागे माझा दादा तेल्हारा ते अकोला टॅक्सी चालवायचा. गाडी मोठी, जुनी, विलायती. पेट्रोलवर चालायची आणि पावसाळ्यात ठिणगी पाडणारी कॉइल ओली झाली की रस्त्यातच बसकण मारायची. वैतागून दादानं ती अमरावतीच्या एका मेकॅनिककडे नेली, तिचं इंजिन काढलं आणि डिझेलचं बसवून घेतलं. ते अंगानं एवढं मोठं की हवा गाळायचा डबा बोनेटखाली मावेना. मेकॅनिकनं डबा काढून टाकला आणि हवेच्या पाइपाच्या तोंडाला जाळी बांधून दिली. ती जाळी पहिल्याच उन्हाळ्यात कुठेतरी गळून पडली. कोणाला त्याचं काही वाटलं नाही.

दादाकडून त्या इंजिनाचं कौतुक ऐकून आमचे कान किटायचे. "चार सिलिंडर. प्लग नाई, कॉइल नाई, वायरी नाई. बिघडायले हाये काय त्यात? डिझेल पोचलं का ते चालते. नाई चाललं तं समजायचं, डिझेलातच खोट हाये." हे घरात सगळ्यांना पाठ होतं. आणि खरं सांगायचं तर दोन वर्षं त्या इंजिनानं शब्द पाळला. एक-दोनदा धाप लागल्यासारखं झालं, तेव्हा डिझेलच्या नळीत बुडबुडे शिरले होते. दादानं नट ढिला करून बुडबुडे काढले, की गाडी चालू.

वहिनीचं तर विचारूच नका. पोळ्याला बैलांसोबत ती गाडीलाही ओवाळायची, बोनेटवर पुरणपोळी ठेवायची. पौषातल्या सकाळी गार पडलेलं डिझेल इंजिन लवकर धरत नाही, हे तिनं दादाकडूनच ऐकलेलं. मग थंडीत बैलाच्या पाठीवर झूल टाकायची आणि इंजिनाला तसंच उघडं ठेवायचं? रोज संध्याकाळी गाडी आली की घरच्या कापसाची जुनी रजई ती इंजिनावर पसरायची, कडा खोचून द्यायची. शेजारणी हसायच्या. "काय वं, दूध पाजतं काय त्याले?" ती म्हणायची, "पाजीन. तुमच्या नवऱ्यापेक्षा कामाचं हाये ते." तिच्या तोंडी कोणी लागत नसे. मला ती फार आवडायची.

तिसऱ्या वर्षीच्या पौषात तिचे दिवस भरले. सकाळी सुईण बाहेर येऊन म्हणाली, मूल आडवं आहे, माझ्या हातचं काम नाही, अकोल्याला न्या. दादानं बोनेट उघडून रजई ओढली. घाईत ती बोल्टला अडकून टर्रकन फाटली. त्यानं ती बाजूला फेकली आणि गाडी सुरू केली. पुढचं आधीच सांगून टाकते, झाकून ठेवण्यात अर्थ नाही. फाटलेल्या रजईतला मूठभर कापूस त्या उघड्या पाइपानं आत ओढून घेतला होता. चार दिवसांनी मेकॅनिकनं पाइप सोडवला, तेव्हा तो बाहेर निघाला. त्या सकाळी आम्हाला दिसलं ते एवढंच की गाडी काळा धूर ओकते आहे आणि तिच्यात ओढ नाही. काळा धूर म्हणजे डिझेल पोचतंय, हवा पोचत नाही. दादाला हे कळायला हवं होतं.

पूर्णेच्या अलीकडे गाडी थांबली. दोन्ही बाजूंना काळी शेतं, जवळ एक घर नाही. मागच्या सीटवर वहिनीचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काई नाई. डिझेलात हवा शिरली. पाच मिनिट," दादा म्हणाला.

तो नट ढिला करायचा, इंजिनावरचा डिझेलचा हातपंप मारायचा, बुडबुडे शोधायचा. बुडबुडे नव्हतेच. मग त्याला वाटायचं, पुढच्या नळीत असतील. गाडी धडधडायची, काळा लोट सोडायची आणि बंद पडायची. पुन्हा पाना.

वहिनीला पाणी हवं होतं. मी शेतातल्या विहिरीवरून लोटा भरून आणला. त्या पट्ट्यातलं पाणी खारं, गुरंही तोंड फिरवतात. तिनं एक घोट घेतला आणि थुंकला. मग मी पदर भिजवून नुसते तिचे ओठ पुसत राहिले. सीटवर रक्त पसरत चाललं होतं.

तेवढ्यात कापसानं भरलेली एक बैलगाडी आली. म्हातारा गाडीवान उतरला, आत डोकावला आणि दादाला म्हणाला, "कापूस इथंच टाकतो. बाईले घाला गाडीत."

"बैलानं पोचाले दुपार होईन, बुवा. हे आता सुरू होते."

"होते तं कावून नाई झालं?"

"हे इंजिन धोका देत नाई."

मी म्हटलं, "दादा, नेऊ दे ना तिले."

"तुले इंजिनातलं काय समजते? चूप बस." त्यानं मानही वर केली नाही.

वहिनी माझा हात दाबून म्हणाली, "राहू द्या, बाई. त्यायच्या हातून होते ते सुरू." तिचाही त्या इंजिनावर तेवढाच भरवसा होता. मला दादाचा राग येतो, पण तिच्या त्या वाक्याचा त्याहून जास्त येतो. अजून येतो.

म्हाताऱ्यानं कोणाचंच ऐकलं नाही. त्यानं दोर सोडले आणि आपला कापूस रस्त्याच्या कडेला उतरवायला लागला. गाडी रिकामी व्हायच्या आत वहिनीचा हात माझ्या हातात जड झाला. मी तिच्या पोटावर हात ठेवून पाहिला. तिथेही काही हललं नाही.

मी खाली उतरले. दादा वाकून पंप मारत होता.

"दादा, वहिनी गेली."

"झालंच. पाह्य, डिझेल कसं साफ येऊन राहिलं."

मी पुन्हा सांगितलं. तेव्हा त्यानं पाना खाली ठेवला.

म्हातारा म्हणाला, "चाल बाप्पा, हात लाव. तिले गाडीत घेऊ."

दादा दारापर्यंत आला आणि थांबला. त्याचे हात कोपरापर्यंत डिझेलनं माखले होते. "तिचं लुगडं खराब होईन," तो म्हणाला, आणि खाली बसून रस्त्यातल्या मातीनं हात घासायला लागला. कातडं लाल झालं तरी घासतच राहिला. शेवटी म्हाताऱ्यानं आणि मीच तिला उचललं.