दारापर्यंत ऑटो

"मी समाधानी नाही गा," असं त्या कशालाही म्हणायच्या. पोह्यावरची तर्री पातळ निघाली, डॉक्टरांनी घाईत तपासलं, जावयाने फोन लवकर ठेवला, सगळ्यांना हाच शेरा. हे वाक्य त्यांना तक्रारींच्या सरकारी ॲपने शिकवलं होतं.

असं एखादं माणूस तुमच्याही गल्लीत असेलच. नागपुरातल्या आमच्या गल्लीत शेजारच्या काकू होत्या.

पाइपलाइनसाठी गल्ली खोदली आणि तशीच सोडली, तेव्हा ऑटोवाले आत यायचे बंद झाले. आमची नुसती गैरसोय झाली. काकूंना मात्र काकांना डायलिसिससाठी सारखं दवाखान्यात न्यावं लागायचं. काकूंच्या खांद्यावर हात ठेवून ते फळीवरून चर ओलांडायचे आणि धापा टाकत चौकात ऑटोपर्यंत जायचे. एकदा त्यांची चप्पल चिखलात रुतली, ती तिथेच राहिली.

काकूंनी ॲपवर फोटो टाकला, गल्लीतल्या इतरांनीही तक्रारी केल्या. काही दिवसांनी उत्तर आलं, 'तक्रार निकाली. आपण समाधानी आहात का?' चर होता तिथेच होता. काकूंनी 'नाही' दाबलं.

मग ठेकेदाराचा माणूस घरोघरी फिरला. आमच्या लोकांना भीड फार. आपल्याकडे चहा प्यालेल्या माणसाला 'नाही' कसं म्हणायचं, म्हणून बाकीच्यांनी 'हो' दाबून टाकलं. काकूंनी तर चहासोबत चिवडाही दिला.

"काकू, हो दाबा ना. काम होऊनच राहिलं."

"काहून दाबू? आधी चर बुजव. मग चिवडा बांधून देईन घरी न्यायले."

तक्रार निकाली निघायची, काकू ती पुन्हा उघडायच्या. दर वेळी नवा फोटो, आणि त्यात चराकाठी इस्त्रीचा शर्ट घालून उभे केलेले काका. मोबाइल समोर आला की काकांना हसू यायचं.

"हसू नका. तक्रार करून राहिलो आपण."

शेवटी रस्ता झाला. शिवणकाम करणाऱ्या वहिनींकडे गिऱ्हाइकं पुन्हा येऊ लागली, शाळेची व्हॅन आत वळू लागली. काका पहिल्यांदा पायरीवरून थेट ऑटोत बसले, तेव्हा काकू पदर तोंडाला लावून रडल्या.

थंडीत काका गेले. काकू काटोलला लेकीकडे राहायला निघाल्या, त्या दिवशी मी ऑटो दारात आणला आणि सामान ठेवलं.

"बसा काकू."

"ऑटो यांच्यासाठी पाहिजे होता गा दारात. मले चालता येते."

आणि त्या गुळगुळीत रस्त्यावरून काकू चौकापर्यंत पायी गेल्या. सामान भरलेला ऑटो त्यांच्या मागून हळूहळू चालला होता.