पाहुण्यांसाठी मेरा

आमच्या चर्चमध्ये मिशन ट्रिपची तयारी म्हणजे लग्नघरच. कोणी गाडीचं बघतं, कोणी खिचडीच्या भांड्यांचं, आणि रुसून बसणारे दोघे-तिघे ठरलेलेच. त्या वर्षी मात्र मीच नवरीच्या आईसारखी धावत होते, कारण ट्रिप माझ्या माहेरी जाणार होती, आर्णीपासून आत असलेल्या आमच्या बंजारा तांड्यावर. दिवाळी झाली की तिथली निम्मी माणसं ऊसतोडीला निघून जातात आणि लेकरं म्हाताऱ्यांपाशी राहतात. थंडीत अंगावर धड काही नसतं. शाळा सुटते ती सुटतेच. त्या लेकरांना स्वेटर, मुलींना फ्रॉक, दप्तरं आणि एक दिवस डॉक्टर, असं ठरलं होतं. खर्च उचलणारी नागपूरची काही माणसं सोबत येणार होती.

हे सगळं ताईंनी सुचवलं होतं. ताई म्हणजे आमच्या पाळकसाहेबांच्या पत्नी. लग्न होऊन मी यवतमाळला आले, नवऱ्यासोबत चर्चला जाऊ लागले, तेव्हा शेवटच्या बाकावर दाराजवळ चोरासारखी बसायचे. ताईंनी हाताला धरून मला पुढे आणलं. शिलाई मशीन घेतलं तेव्हा पहिला ब्लाऊज त्यांनीच शिवायला टाकला. तो मी काखेत पार बिघडवला, तरी नाताळला त्या तोच घालून आल्या. अशा बाईला माणूस काय सांगणार नाही? दुपारी त्यांच्या घरी तुरीच्या शेंगा सोलता सोलता मी माझं सगळं लहानपण त्यांच्यापुढे मोकळं केलं होतं.

त्यात मेराही सांगितला होता. दिवाळीच्या अमावास्येला तांड्यातल्या लग्न न झालेल्या मुली नटूनथटून, ताटात दिवा घेऊन निघतात. आधी नाईकाच्या घरी, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाकडे, आणि मग घरोघरी. दारात उभं राहून म्हणायचं, "याडी, तोन मेरा." आई, तुला मेरा. तुझं वर्ष उजेडाचं जावो, असा तो आशीर्वाद. घरातली माणसं खुशीनं ताटात काहीतरी टाकतात, पण मुली मागायला आलेल्या नसतात, द्यायला आलेल्या असतात. सगळ्यात गरीब घरच्या मुलीपुढेही त्या दिवशी नाईक हात जोडतो. हे मी ताईंना नीट फोडून सांगितलं होतं, कारण त्यांनी लगेच विचारलं होतं, "म्हंजे मागाले जात होत्या का तुमी?"

"नाही वो ताई, द्यायला."

"हां हां, समजलं," त्या म्हणाल्या होत्या.

माझी आई अजून तांड्यावरच राहते. मी चर्चला जाते हे तिला कधी पटलं नाही, पण स्वेटरचं ऐकून ती विरघळली आणि स्वतः नाईकाकडे गेली. मग फोनवर तिनं मला आमच्या गोर बोलीत बजावलं की कोणाचे उतरलेले कपडे आणायचे नाहीत, आणि लेकरांना भिकारी समजून कोणी यायचं नाही. "मी नाईकापुढे तुझ्या भरवशावर शब्द टाकला आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, याडी, काळजी करू नको.

मग मी एकेका लेकराचं माप फोनवरून मागवून घेतलं. स्वेटर त्या मापांनी आणले. फ्रॉकसाठी नवं कापड घेतलं आणि प्रत्येक फ्रॉकला खिसा लावला. लहानपणी मला खिशाची फार हौस होती, ती अशी भागवून घेतली.

निघायच्या आठवडाभर आधी फ्रॉकांचं गाठोडं घेऊन मी चर्चच्या हॉलमध्ये गेले. तरुण संघाची नाटकाची तालीम चालली होती. एका मुलीनं माझ्या आईचा आरशांचा घागरा घातला होता. पाहुण्यांना तांड्याची कारागिरी दाखवायची म्हणून ताईंनी तो माझ्याकडून मागून नेला होता. ती मुलगी ताटात दिवा घेऊन एकेका खुर्चीपुढे जाई, हात पसरी आणि म्हणे, "बाई, दोन दिवसांपासून पोटात काही नाही." खुर्चीतला माणूस दार लावल्यासारखं करी. मग ती रडे. पोरगी काम झकास करत होती, तेच तर वाईट.

मी ताईंना बाजूला घेतलं.

"ताई, हे काय आहे?"

"तुह्यीच तर साक्ष आहे, तूच सांगितलेली."

"मी कधी भीक मागितली? मेरा काय असते, ते सांगितलं होतं ना मी तुमाले?"

"सांगितलं होतं ना. मले माहीत आहे." त्या शांतपणे म्हणाल्या. "पन नागपूरच्या लोकाइले मेरा कायचा समजते? असं दाखवल्याबिगर कोनाचं मन पाघळत नाही. लेकराइचंच भलं होईन."

त्यांना समजलं नसतं तर मी पुन्हा समजावलं असतं. त्यांना सगळं समजलेलं होतं. मी म्हटलं, मग मी कोणाला तांड्यावर नेत नाही, आणि तिथंच रडायला लागले. ताईंनी माझा हात धरला, अगदी पहिल्यांदा धरला होता तसाच. "काढून टाकतो हे नाटक. प्रभूच्या घरात सांगून राह्यली तुले." मी विश्वास ठेवला. आईचा घागरा घडी करून घरी आणला.

ट्रिपच्या आदल्या दिवशी मी एसटीनं पुढे गेले. तांड्यावर पोचते तर आईनं भलताच घाट घातलेला. ती पोरींना जमवून मेराची तयारी करत होती. शेजारची म्हातारी कुरकुरत होती की दिवाळी होऊन गेली, आता कसला मेरा, आणि तोही परक्यांना? आई म्हणाली, "ते आपल्या लेकरांसाठी एवढं घेऊन येत आहेत. आपण रिकाम्या हातानं कसं उभं राहायचं?" मला आईचा फार अभिमान वाटला. मी पोरींच्या वेण्या घालायला बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाड्या आल्या. पोरी रांगेत उभ्या होत्या, वारा लागू नये म्हणून दिव्याला हाताचा आडोसा धरून. सगळ्यात पुढे माझ्या चुलतभावाची आठ वर्षांची मुलगी होती. गाडीतून सगळ्यात आधी उतरलेल्या पिकल्या केसांच्या बाईंपुढे ती गेली आणि ठणकावून म्हणाली, "याडी, तोन मेरा."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी वाकून दिवा फुंकला, ताट खाली ठेवलं आणि पोरीच्या हातात बिस्किटांचा पुडा दिला. "आता भीक नाही हं मागायची, बाळा. आम्ही आलोय ना." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचीच गोष्ट ना? सकाळी चर्चमध्ये नाटक दाखवलं. मी तर रडलेच हो."

बाईंवर मला रागावताच येईना. त्यांना जे दाखवलं तेच त्यांनी पाहिलं. ताई मात्र गाडीजवळ पाठमोऱ्या उभ्या होत्या, स्वेटरच्या गाठोड्याची गाठ सोडत. त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी मी प्रार्थनाही केलेली नाही.

तांड्यात मराठी सगळ्यांनाच कळते. बाकीच्या पोरी जागीच थांबल्या. स्वागताला येऊन बसलेला नाईक उठून घराकडे चालू लागला. आई माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "तू लोकांना हे सांगत फिरतेस?"

"नाही याडी. मी असं नव्हतं सांगितलं."

"मग गोष्ट तुझी कशी?"

मी ताईंना हाक मारली. "ताई, माह्या आईले सांगा. मेरा काय असते म्हणून मी तुमाले सांगितलं होतं, ते सांगा." त्यांच्या एका वाक्याचं काम होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं. मग गाठोड्यातून एक स्वेटर उचलला आणि समोरच्या लेकराच्या छातीला लावला. "ये बाळा. हे पाह्य, बराबर तुह्या मापाचा हाये."

माप मी घेतलं होतं.

आईनं विझलेला दिवा ताटासकट उचलला आणि घरात गेली. मी मागोमाग गेले, हाक मारली, पण तिनं आतून कडी घातली. लहानपणी मी ताट घेऊन इतक्या दारांत उभी राहिले, पण माझ्या तोंडावर कोणी दार लावलं नव्हतं. हे पहिलंच.