दोन्ही दारं एकदम

संसदेच्या बैठकीच्या दालनाला समोरासमोर दोन दारं होती. शेजारदेशाच्या खासदारांचं शिष्टमंडळ आलं, की आपले खासदार या दारातून आणि पाहुणे त्या दारातून एकदम आत यायचे. कोणी कोणाची वाट पाहिली, असं दिसता कामा नये. मधोमध उभं राहून एका माणसाने दोन्ही हात वर करायचे, की दोन्हीकडचे शिपाई आपापलं दार ओढायचे. हा माणूस म्हणजे दारकाका. अख्खी नोकरी त्यांनी यात काढली. बायको म्हणायची, "हात वर करायचा पगार घेणारा दुसरा माणूस मी तरी बघितला नाही बाई!"

त्या सकाळी भाच्याचा फोन आला. दारकाकांची ताई नदीपलीकडे, शेजारदेशातच दिलेली. दोन्हीकडची भाषा तीच, फक्त शिव्या वेगळ्या. पण नदीवरचा पूल बंद झाल्यापासून भेट नव्हती.

"मामा, आई आता बोलत नाही. डॉक्टर म्हणाले, ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवून घ्या."

"बरं," दारकाका म्हणाले आणि चहा प्यायले. त्यात साखर होती की नव्हती, कोणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं.

आजची बैठक नेमकी त्या पुलासाठीच होती. पलीकडच्या आजारी माणसाला भेटायला नातेवाइकांना पास द्यायचा का, एवढाच विषय.

वेळ झाली. दारकाकांनी हात वर केले. निदान त्यांना तसं वाटलं. वर गेला एकच. दुसरा मांडीशी लोंबत राहिला. एकच दार उघडलं. आपले खासदार आत आले, ऐसपैस बसले, बिस्किटांना हातही घातला. पाहुणे बंद दाराबाहेर!

शिष्टाचार अधिकारी धावत आला आणि कुजबुजत ओरडला, "अहो काका, झोपलात का उभ्या उभ्या?"

दुसरं दार उघडलं, तर पाहुण्यांच्या नेत्या, पिकल्या केसांच्या एक बाई, जागच्या हलेनात. "नको नको, बसा तुम्ही निवांत. आम्ही इथं बरे आहोत. वारा काय छान येतोय!"

त्या बोळकांडीला एकही खिडकी नव्हती.

मागून एक तरुण खासदार म्हणाला, "मॅडम, गाडी लावायला सांगू?"

दारकाका पुढे झाले. "चूक माझी आहे, बाई. हात उचललाच गेला नाही."

"का? काय झालं हाताला?"

"हाताला काही नाही. ताई तुमच्याकडे असते. जायला आलीय." रस्ता विचारणाऱ्याला पत्ता सांगावा, तसं त्यांनी सांगितलं.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग दालनाच्या आत बघून खणखणीत हाक मारली, "अहो अध्यक्ष! उठा. बाहेर जा."

"आँ?" आपले अध्यक्ष. तोंडात बिस्कीट.

"बाहेर जा आणि परत या. आम्हीही येतो. एकदम!"

"अहो, पण आम्ही बसलोय ना आता!"

"मग उठायला काय क्रेन मागवू?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. खुर्च्या करकरल्या. सगळे कुरकुरत बाहेर गेले. दार लागलं. या खेपेला दारकाकांनी आधी आपल्या दोन्ही हातांकडे नीट बघून घेतलं, मग ते उचलले.

पासाला दोन्हीकडून होकार मिळाला. टाळ्या झाल्या, फोटो झाले. जाता जाता बाई थांबल्या. "आमची नुसती शिफारस हो. अजून दोन्हीकडच्या सभागृहांची मंजुरी हवी. मी तिकडे भांडेन. पण महिना तरी जाणार, खोटं कशाला सांगू?"

"नाही, बरोबर आहे," दारकाका म्हणाले.

रिकाम्या दालनात त्यांनी फोन लावला.

"मिळाला का पास, मामा?"

"मिळेल. पण आत्ता नाही."

भाचा म्हणाला, "तिच्या कानाशी धरू?"

"धर."

रडू येत नव्हतं. काही सुचतही नव्हतं. "ताई," म्हणून त्यांनी सकाळचं सगळं सांगायला घेतलं : बाई कशा अडून बसल्या, अध्यक्ष तोंडातल्या बिस्किटासकट कसे उठले. तिकडून जड, घरघरता श्वास तेवढा ऐकू येत होता.

"डोळे मिटलेत तिचे," भाचा म्हणाला. "पण मामा, तू थांबू नकोस."

सांगण्यासारखं तर संपलं होतं. मग दारकाका पुलाचंच सांगू लागले : पास कुठल्या खिडकीवर मिळणार, शिक्का कोण मारणार, सामान कुठे तपासणार, म्हाताऱ्यांसाठी बाकं कुठे टाकणार.