पूजेतली पाच काडतुसं

अहमदपूरच्या मोंढ्यात डाळ-गुळाचं दुकान चालवणाऱ्या गुरुबसप्पाला एकच रोग होता: "हे कशाचं हाय?" गिऱ्हाईक डाळीला यायचं, आणि हा त्याच्या छत्रीची दांडी तपासत बसायचा. बायको शिवम्मा म्हणे, "मला बघायला आले तवा ह्यांनी माझ्याकडं कुठं बघितलं? आमच्या दाराच्या कुलपाकडं बघत होते." गुरुबसप्पानं हे कधी नाकारलं नाही. कुलूप खरंच चांगलं होतं.

सगळ्यात मोठी हौस बिस्किटाच्या डब्यात होती. पोलीस ॲक्शनच्या साली तो सहा वर्षांचा. लांब कुठंतरी बार झाला, वडलांनी दार लावून घेतलं, आणि एवढा आवाज करणारी वस्तू बघायची राहूनच गेली. ती रुखरुख चाळिशी उलटली तरी गेली नव्हती. म्हणून मुदखेडच्या एका भंगारवाल्याकडून त्यानं चार काडतुसं आणली. कवायतीची, आत दारू नाही. ती नाही हे दिसावं म्हणून प्रत्येकाला आरपार भोक. भंगारवाल्यानं बजावलं होतं, "मालक, कुणी हटकलं तर पहिलं भोक दाखवायचं."

पाचवं मात्र वेगळं होतं. लातूर जिल्हा नवा झाला आणि पाऊस रुसला, तेव्हा जिकडं तिकडं विहिरींचा गाळ उपसणं चालू होतं. श्रावणात नरसिंग बेलदाराला चिखलात एक अख्खं काडतूस सापडलं. भोक नाही. ते त्यानं किलोभर गुळावर गुरुबसप्पाला दिलं. जिवंत असलं तर ठाण्यात नेऊन द्यावं लागतं, एवढं गुरुबसप्पाला ठाऊक होतं. म्हणून तर ते जिवंत आहे का, हे त्यानं कुणालाच विचारलं नाही. जन्मात पहिल्यांदाच त्यानं काही विचारलं नव्हतं.

आली खंडेनवमी. मोंढ्यात त्या दिवशी तराजू, मापं, चाळण्या, सगळ्यांची पूजा. गुरुबसप्पानं डबाही पुढं ओढला.

"भोक पडलेलं पूजेला ठेवायचं न्हाई," शिवम्मा म्हणाली. "खंडित हाय ते."

झालं! कासाराकडून पितळेच्या रंगाची लाख आणून गुरुबसप्पानं चारी भोकं बुजवली. शिवम्मानं चिंच लावून पाचही अशी लखलखीत केली की कोणतं मुदखेडचं नि कोणतं विहिरीतलं, देवालाही कळू नये. मग प्रत्येकावर विभूतीची तीन बोटं ओढून विड्याच्या पानावर रांगेत मांडली. प्रसादाला निम्मा मोंढा लोटला. त्यात नवे फौजदार शेषेरावही होते.

"आप्पा, हे काय?"

"पूजा हाय साहेब."

"पूजा दिसली मला. पूजेत काय हाय?"

तासाभरात गुरुबसप्पा, ताट आणि मागं पोरंसोरं अशी वरात ठाण्यात. ताट बाहेर लिंबाखाली ठेवलं. जमादार त्यापासून इतका लांब उभा राहिला की त्याला हाक मारायची तर ओरडावं लागत होतं.

फौजदारांनी पुस्तक उघडलं. "बार होणारच न्हाई असा निरुपयोगी माल शोभेला ठेवला तर माझी हरकत न्हाई. पण जिवंत असेल तर परवाना पाहिजे. आणि हा तर फौजी माल. ह्याचा परवाना कलेक्टरच्या बी हातात न्हाई, दिल्लीला विचारावं लागतं. भोक कुठाय?"

"बुजवलं."

"का?"

"खंडित वस्तू पूजेत चालत न्हाई, साहेब."

फौजदारांनी पेन खाली ठेवलं, कपाळ चोळलं, पुन्हा उचललं. "पाचही मुदखेडचीच?"

गुरुबसप्पानं बाहेरच्या ताटाकडं बघितलं. हो म्हणावं तर लाख कोरल्यावर उघडं पडणार. न्हाई म्हणावं तर तुरुंग. वरातीमागोमाग आलेली शिवम्मा ठाण्याच्या दारातून त्याच्याकडंच बघत होती.

"चार. पाचवं विहिरीतलं. श्रावणात सापडलं, मीच ठेवून घेतलं."

"कोणतं ते?"

"तेच तर कळंना झालंय."

मग सगळे लिंबाखाली आले आणि जमादारानं लांबूनच सुई फेकली. घामानं निथळत गुरुबसप्पानं एकेक कोरून बघितलं. पहिलं भोक. दुसरं. तिसरं. चौथं. पाचव्याला भोक नव्हतं. फौजदार वाकले, त्याच्या बुडाकडं बघितलं. "बुडाच्या टोपीला बंदुकीचा ठोका न्हाई. उडवलेलं न्हाई हे."

"म्हणजे जिवंत?" गुरुबसप्पाचे डोळे असे चमकले की क्षणभर तुरुंगबिरुंग सगळं विसरला.

"आप्पा, घाबरा की जरा!"

फौजदारांनी लिहिलं: सापडलेला माल, स्वतःहून कबूल केला. उशीर झाला तेही लिहिलं. ते एक जाणत्या लोकांकडं नष्ट करायला गेलं. महिनाभर गुरुबसप्पा दुकानात कुणाची छत्रीसुद्धा तपासत नव्हता. शेवटी समज देऊन प्रकरण मिटलं आणि चार काडतुसं घरी आली. अट एकच: भोकं उघडी राहिली पाहिजेत.

पुढच्या खंडेनवमीला डबा हातात घेऊन गुरुबसप्पा घुटमळला. उघडी भोकं ठेवावी तर पूजा बाटते, बुजवावी तर फौजदार.

शिवम्मानं पाटावरची डाळीची चाळणी उचलून त्याच्या तोंडापुढं धरली. "हिला किती भोकं हायत? हिची पूजा चालते, मग त्यांची का न्हाई?"

गुरुबसप्पा चाळणीकडं बघतच राहिला. मग चारही काडतुसं भोक वर करून तिच्या शेजारी मांडली, विभूती ओढली, आणि हळूच विचारलं, "शिवम्मा, हिला भोकं पाडतात तरी कशानं?"